क्लीडनची वाट, कोणालाही न विचारता

मी, हेस्टर मेरियल प्रोबर्ट, कै. सेसिल प्रोबर्ट यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार लोअर क्लीडन, श्रॉपशर, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे पाय गेले आहेत, डोके शाबूत आहे. छातीबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मी ऐकून घेतले असून वसंत ऋतूसाठी फुलझाडांचे कंद मागवलेले नाहीत. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. तशी छाती असलेला माणूस या भागात मला अजून भेटायचा आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र, ज्यात मी चांदीचे चमचे चर्चच्या पुष्परचना मंडळाला दिले होते, ते याद्वारे रद्द समजावे. मंडळाला कारण माहीत आहे. इतरांना ते पुढे कळेल.

या मृत्युपत्राचा हेतू एकच आहे. लोअर क्लीडनपासून शेतांतून, ओढ्यावरच्या पुलावरून ब्लॅक रॅम पबच्या दारापर्यंत जाणारी जी पायवाट मि. क्रिस्पिन हॅलोवेल यांनी कुलूप घालून बंद केली आहे, ती उघडली पाहिजे. माझ्याकडे जे काही आहे ते सगळे मी त्या कामी लावत आहे.

कलम १. अंमलबजावणीसाठी मी दोघांना नेमते: ब्लॅक रॅमची मालकीण मेव्हिस बीवन आणि माझे वकील मि. टमलिन. मि. टमलिन यांनी हा मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "मिसेस प्रोबर्ट, मृत्युपत्रात लोकांना शिव्या घालत नसतात हो."

"मग मेल्यावर कुठे घालू?" मी विचारले.

त्यांनी चष्मा परत लावला. त्यांची फी माझ्या खात्यातून द्यावी, कुरकुर न करता.

कलम २. सेसिलचे नकाशे, त्याची राखेच्या रंगाची टोपी आणि कुत्र्याचे पाणी प्यायचे पत्र्याचे भांडे ब्लॅक रॅमला द्यावे. यामागची हकीकत सांगितल्याशिवाय ते भंगारात जाईल म्हणून सांगते.

लग्नानंतर आम्हा दोघांना एकच छंद होता. दर रविवारी नवी वाट शोधायची, जिच्या शेवटी कुत्र्याला आत घेणारा पब असेल. ऐकायला सोपे वाटते. पण एखादी वाट चांगली निघाली तर मध्ये बैलांचे कुरण निघे, नाहीतर कुंपण ओलांडायच्या पायऱ्या इतक्या उंच की सेसिलला कुत्र्याला काखोटीला मारून चढावे लागे. नकाशा सेसिलच वाचायचा आणि चुकलो की नकाशालाच दोष द्यायचा. एवढे करून पोहोचले की पब ओळखायची आमची एक खूण होती. दारावरच्या पाटीवर जायचे नाही. आत डोकावायचे आणि आधीच कोणाचे तरी कुत्रे विस्तवापुढे झोपले आहे का ते बघायचे. झोपले असेल तरच खुर्ची ओढायची.

याच ठिकाणी नमूद करते की "श्वानांचे स्वागत" असे दारावर लिहून आम्हाला पावसात मागच्या अंगणात बसवणाऱ्या सर्व पबना मी काहीही देत नाही. लडलो गावाच्या रस्त्यावरच्या त्या नव्या, गालिचेवाल्या पबला तर मुळीच नाही. तिथल्या पोराने आमच्या कुत्रीकडे, पिकलकडे बघून नाक दाबले होते. पिकल त्याच्यापेक्षा जास्त शहाण्यासारखी वागली.

ब्लॅक रॅम आम्हाला चुकून सापडला. चिखलाने माखलेले आम्ही दारात उभे, आत यावे की नको अशा विचारात. मेव्हिसचे वडील गल्ल्यामागून वाकले आणि पिकलला म्हणाले, "या बाईसाहेब, काय घेणार?" मग तिच्यापुढे डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तळलेले तुकडे ठेवले आणि त्यानंतर कुठे आमच्याकडे पाहिले. पुढच्याच वर्षी आम्ही वूल्व्हरहॅम्प्टनचे घर विकून लोअर क्लीडनला राहायला आलो. लोक चांगल्या शाळेजवळ घर घेतात, आम्ही पबजवळ घेतले, आणि मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

कलम ३. पुलाबद्दल. चर्च आणि पब दोन्ही वर अप्पर क्लीडनला आणि घरे सगळी खाली. मधे डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कुंपणे, पायी चालणाऱ्याला अंग चोरायला जागा नाही. त्या रस्त्याच्या वळणावर एका रविवारी दुधाच्या टँकरखाली माझी पिकल गेली. दोरी माझ्या हातात होती. सेसिल तिला कोटात गुंडाळून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तो उठला आणि रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आणायला गेला. रविवारचे सगळे फिरणारे, आपापली कुत्री घेऊन, मदतीला आले. शेताचे मालक तेव्हा म्हातारे एमोस गेथिन होते. आम्ही त्यांच्या ओढ्यावर पूल घालत होतो. ते ट्रॅक्टर थांबवून बघत राहिले. सेसिल घामाघूम होऊन म्हणाला, "मि. गेथिन, तुमची हरकत—"

"मला काही विचारू नकोस," गेथिन म्हणाले. "विचारलंस तर मला काहीतरी सांगावं लागेल. मला इथे काही दिसत नाही." आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेले.

ते शहाणे होते. आपल्याकडे लोक वीस वर्षे एखाद्या वाटेने उघडपणे, न लपता, न भांडता आणि कोणाची परवानगी न घेता चालले, की ती वाट लोकांची होते. परवानगी न घेता हे त्यातले मर्म. गेथिन यांनी शेवटपर्यंत ना परवानगी दिली ना नकार. त्यांना मी काही देऊ शकत नाही, ते गेले. त्यांच्या थडग्यावर दर मे महिन्यात हॉथॉर्नची एक फांदी ठेवावी.

कलम ४. मि. हॅलोवेल यांना मी सेसिलचे फाटके रबरी बूट देते. का ते सांगते.

गेथिनची शेते त्यांनी घेतली तेव्हा पुलाला वीस वर्षे व्हायला एक हिवाळा राहिला होता. आल्याबरोबर त्यांनी पुलाजवळ एक सुंदर ओकचा बाक ठेवला आणि बाकाशेजारी पाटी लावली: "पायी फिरणाऱ्यांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे मालकाच्या परवानगीने मनःपूर्वक स्वागत." आमच्या गावाला भरून आले. दुसऱ्या कुठल्या देशात लोक म्हणाले असते, आमच्याच वाटेवर तू कोण स्वागत करणारा? आम्ही इंग्रज. आमच्या पायावर कोणी पाय दिला तर आम्हीच माफी मागतो. लोकांनी त्यांच्याकडे संत्र्याचा मुरंबा नेला. पुष्परचना मंडळाने तर मोठे आभारपत्र काढले, त्यावर वाटेचे रंगीत चित्र, आणि घरोघरी सह्यांना फिरवले. माझी भाची रोझलिंड तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. ते आभारपत्र माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "कर ना गं सही, मावशी. थँक्यू म्हणायला काय जातं तुझं?"

"वाट जाते," मी म्हणाले.

"तू ना, उगाच कुठेही भांडण उकरून काढतेस."

तिने माझ्या शेजारीच बसून सही केली. सगळ्या गावाने केली. चर्चच्या धर्मोपदेशिका, आमच्या व्हिकरबाई, त्यांनीही केली.

पुढच्या वसंतात पाटी गेली, बाक गेला आणि फाटकाला कुलूप आले. मेंढ्यांना कुत्र्यांचा त्रास होतो म्हणे. मेंढ्या त्यांनी त्यानंतर आणल्या. वाट लोकांची म्हणून नोंदवा, असा अर्ज घेऊन आम्ही कौंटीच्या कचेरीत गेलो तेव्हा हॅलोवेलांच्या वकिलाने ते आभारपत्र टेबलावर ठेवले. परवानगी दिली होती, लोकांनी ती स्वीकारून आभार मानले होते, आता परवानगी काढून घेतली. आमचा अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर पुष्परचना मंडळाच्या अध्यक्षबाई रडायला लागल्या. "पण तो किती छान बोलायचा हो!" म्हणाल्या. मी त्यांना रुमाल दिला, चमचे नाही.

त्यानंतर पाय चालत होते तोवर दर रविवारी मी आणि माझा टेरिअर कुत्रा मस्टर्ड त्या फाटकावरून चढून गेलो. एकदा हॅलोवेल धावत आले.

"मिसेस प्रोबर्ट, अहो ही खाजगी जागा आहे! तुम्ही नुसतं विचारलं असतं तर मी तुमच्यापुरतं कुलूप काढून दिलं असतं."

"म्हणून तर विचारत नाही," मी म्हणाले. "तुमची मेहेरबानी तुमच्याजवळ ठेवा. मस्टर्ड, चल."

त्यांनी माझ्यावर फिर्याद करायची धमकी दिली. ऐंशीच्या म्हातारीला आणि एका टेरिअरला कोर्टात ओढायला त्यांना लाज वाटली असावी. आता माझ्याने चढवत नाही. लोक कुत्र्यांना घेऊन पुन्हा त्या रस्त्याने चालू लागले आहेत, नाहीतर गाडीने लडलोला जातात. मेव्हिसच्या पबात रविवारी रिकाम्या खुर्च्या दिसतात. गेल्याच महिन्यात त्या वळणावर एक लहान मुलगी आणि तिचा स्पॅनिअल कुत्रा थोडक्यात वाचले. हे मी शांतपणे लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही.

कलम ५. बँकेतील आणि बिल्डिंग सोसायटी या बचतसंस्थेतील माझी सर्व शिल्लक वाटेचा दावा नव्याने लढण्यासाठी मेव्हिस बीवन हिच्या ताब्यात द्यावी. शेतजमिनीचे कायदे जाणणारा चांगला वकील नेमावा. मि. टमलिन नको, ते फार सौम्य आहेत. त्यांना हे वाचून वाईट वाटले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. मी त्या आभारपत्रावर सही केली नाही, हे माझ्या शपथेवरच्या जबाबात दिलेले आहे. आणखी कोणी सही केली नसेल तर त्याने आता तरी बोलावे.

कलम ६. माझे घर रोझलिंडला. होय, तिलाच. ती बर्मिंगहॅमला राहते, तिचा सोफा सायीच्या रंगाचा आहे आणि कुत्र्याच्या केसांचे नाव काढले की ती शिंकते. तरी मी आजारी पडल्यापासून दर शुक्रवारी गाडी हाकत येणारी तीच आहे. निकाल लागला त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिली. "मावशी, मी मूर्ख आहे गं," म्हणाली. मी चहा टाकला. माझे तिच्यावर प्रेम आहे हे तिला कधी सांगितलेले नाही, ते इथे कायदेशीररीत्या नोंदवते.

अट अशी: मस्टर्डला तिने सांभाळावे, आणि दर रविवारी त्याला त्याच वाटेने ब्लॅक रॅमला न्यावे. माझी छाटणीची कात्रीही तिलाच. वाटेवर काटेरी वेली आल्या तर चालण्यापुरत्या छाटाव्यात, जास्त नको. कोणी हटकले तर थांबायचे नाही, ओरडायचे नाही आणि विशेषतः हसून मान डोलवायची नाही. हे तिला सगळ्यात अवघड जाईल. अट मान्य नसेल तर घर विकून पैसे बेवारस कुत्र्यांच्या आश्रमाला द्यावेत. मला वाटते ती मान्य करेल.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेबद्दल. चर्चला मला रस्त्याने नेऊ नये. त्या वळणावरून मी शवपेटीतसुद्धा जाणार नाही. रविवारच्या फिरणाऱ्यांपैकी सहा जणांनी मला खांद्यावर घेऊन शेतांतून, पुलावरून न्यावे. सगळ्यांनी आपापली कुत्री आणावीत, ओली असली तरी. आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात की ज्या वाटेने प्रेत गेले ती वाट कायमची सगळ्यांची होते. मि. टमलिन म्हणतात कायद्यात असे कुठेही नाही, ही खुळी समजूत आहे. मला माहीत आहे. पण गावाला नाही, आणि मला गावच हवे आहे. आपल्या हक्कासाठी ही माणसे फाटकापुढे पाऊल टाकणार नाहीत, पण प्रेतामागून मुकाट्याने कुठेही चालतील, आणि परवानगी मागायचे कोणाला सुचणार नाही. एकदा तसे चालून झाले की पुढच्या रविवारी पुन्हा चालायला धीर येईल.

व्हिकरबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हेस्टर, फाटकाला कुलूप असेल. शवपेटी घेऊन वरून चढता नाही येणार."

"चढायचं नाही," मी म्हणाले, आणि काय करायचे ते त्यांना सांगितले. तेच इथे हुकूम म्हणून लिहिते. फाटकाला कुलूप असेल तर मला फाटकापुढे गवतावर ठेवावे आणि सगळ्यांनी तिथेच उभे राहावे. किल्ली मागायला कोणीही घराकडे जाऊ नये. निरोप पाठवू नये. पाऊस आला तर छत्र्या उघडाव्यात. हॅलोवेल येऊन कितीही गोड बोलले तरी कोणी उत्तर देऊ नये, आणि शेवटी त्यांनी स्वतः फाटक उघडले तर कोणीही त्यांचे आभार मानू नयेत. तोवर थांबावे. मला कुठे जायची घाई नसेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली आहे.

सही: हेस्टर एम. प्रोबर्ट

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर, आणि दोघांनाही या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:

१. रेव्हरंड प्रिसिला ऑडले, व्हिकर, अप्पर क्लीडन. (माझी सही आभारपत्रावर होती. अंत्ययात्रेत पुढे मी चालेन. — प्रि. ऑ.)

२. एडविन मोर्ट, कौले घालणारा कारागीर, लोअर क्लीडन. (पेटीच्या उजव्या बाजूला मी. — ए. मो.)

स्थळ: ब्लॅक रॅम, अप्पर क्लीडन, विस्तवाजवळचे टेबल.
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५.