उरलेला अर्थ पुढच्या पानावर

३ मार्च

ती. अण्णांना,

सा. न. वि. वि. या खेपेला विशेष खरंच आहे. वृद्धाश्रमातली माझी सहा महिन्यांची उमेदवारी पंधरा तारखेला संपते. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते मोठ्या सिस्टर ठरवणार. माझ्या कागदावर त्यांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिलाय, सॉलिसिटस. तुम्ही बांधून दिलेला कोश उघडला. पानाच्या तळाशी अर्थ होता: चिंतातुर, धास्तावलेला. माझं धाबंच दणाणलं!

तेव्हापासून बेफिकीर व्हायला शिकतेय. सात नंबरच्या मास्तरांना उशी हवी का, हे विचारत नाही. हात मागे बांधून फिरते, काल शीळसुद्धा घातली. आज्या माझ्याकडे टकामका बघतात. मला हे जमत नाही, अण्णा. काय करू?

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुमची ठकू

८ मार्च

चि. ठकूस,

अ. उ. आ. दुकानातला दुसरा कोश पाहिला. त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, पुढच्या पानावर: आस्थेनं विचारपूस करणारा. तुझ्या कोशात तिथे भलतंच पान असणार. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, आणि लेकीच्याच कोशात सोळा पानांचा फर्मा मागेपुढे शिवला! तू निघायच्या आदल्या दिवशीचं काम ते. डोळ्यांना धार लागली होती. आईला बोलू नकोस, तिला सांगितलंय की चिकटवायचा सरस डोळ्यात उडाला.

आपल्याकडे काळजी करणं वेगळं आणि घेणं वेगळं. इंग्रजांनी दोन्ही एकाच शब्दात कोंबलंय. सिस्टरना कुठलं म्हणायचंय, देव जाणे. तू मास्तरांना उशी दे. कोश पाठव, उसवून नीट करतो.

माया आहे तशीच आहे, फर्मे तेवढे हलले.
अण्णा

१६ मार्च

ती. अण्णांना,

सा. न. वि. वि. कायम झाले! काल सिस्टरनी बोलावून विचारलं, मध्यंतरी तुला बरं नव्हतं का? मास्तर म्हणे तक्रार घेऊन गेले होते, की आमची जुनी मुलगी परत द्या, ही शीळ घालणारी नको. मी कोश दाखवला. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, वडिलांना कळव, माझा शब्द पुढच्या पानावरचा होता.

कोश पाठवणार नाही. तुम्ही रडत शिवलेलं मला उसवायचं नाही. आणि आईला सगळं ठाऊक आहे. सरस त्या दिवशी तिनंच तापवला होता, तोही तुमचं शिवून झाल्यावर.

काळजी घ्या, करू नका.
तुमची ठकू