पहिले हजार किलोमीटर

१२ तारीख, गुरुवार

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तरी तू "हो, हो" म्हणत राहतेस, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक. तुझी कंबर कशी आहे?

गाडी घेतल्याचं तुला माहीत आहेच. आईच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपेनात आणि तिला तुझ्याकडे यायचा ध्यास, म्हणून तर घेतली. मग वाट तीन तासांचीच असून दोन महिन्यांत का आलो नाही, असं तू मनात म्हणत असशील.

त्याचं असं झालं. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलंय, कारखान्यातून भरून आलेलं तेल वर्षभर बदलायला नको. गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "ताई, नवं इंजिन घासून घासून बसतं, त्याचा बारीक कीस त्याच तेलात उतरतो. पहिल्या हजाराला तेल काढून टाका." बाबांची जुनी गाडी तेलाकडे लक्ष न दिल्याने जाम झाली होती, तेव्हापासून मी ताकसुद्धा फुंकून पिते. मी ठरवूनच टाकलं, हजार होऊ देत, तेल बदलू, मगच लांब जायचं.

आई हसली. म्हणाली, "तू नवी चादरसुद्धा धुतल्याशिवाय अंथरत नाहीस, गाडी काय सोडणार!" पण तिने बॅग भरून ठेवली. तुझ्यासाठी विणलेला स्वेटर सगळ्यात वर. मग रोज संध्याकाळी मी कामावरून आले की दारातच विचारायची, "किती झाले?" कधी म्हणायची, "चल, उगाच एक चक्कर मारू, काटा तेवढाच पुढे सरकेल." मग आम्ही दोघी जवळचं दुकान सोडून लांबच्या दुकानात साबण आणायला जायचो. घरात इतका साबण साठलाय की विचारू नकोस.

वर "सगळं ठीक" लिहिलं ती पत्राची सवय. ठीक काही नाही, मावशी. तीन आठवड्यांपूर्वी आई सकाळी न्हाणीघराच्या दारात पडली. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आता घरी आणलंय, पण डॉक्टर म्हणतात पुन्हा झटका येऊ शकतो, प्रवास अजिबात नको, कोणाला भेटायचं असेल तर लवकर बोलवा. मी तुला कळवलं नाही. तू पहिला प्रश्न हाच विचारशील की तेव्हाच का आणली नाहीस तिला.

काल मिस्त्री तिला बघायला आले. मी त्यांना हजाराचं सांगितलं तर ते बघतच राहिले. म्हणाले, "लांब जायला मी कुठे नको म्हणालो होतो? सावकाश चालवा आणि तेल लवकर बदला, एवढंच. सांगितलं असतंत तर निघायच्या आदल्या दिवशी बदलून दिलं असतं." मला एकदा विचारावंसंही वाटलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

रविवारी सकाळी शेजारच्या काकू आईजवळ बसणार आहेत आणि मी तुला न्यायला येतेय. तेल तेच आहे, कारखान्याचं. असू दे. बॅग भरून ठेव, आणि तो स्वेटर मी येताना आणते, तो घालूनच तिच्यासमोर ये.

एक सांगायचं राहिलं. आईचं सगळं बोलणं गेलं, पण दोन शब्द राहिलेत. मी खोलीत शिरले की माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणते, "किती झाले?" मी तिची उशी सारखी करत बसते. तुला आणून परत येऊ तेव्हा काटा हजाराच्या पुढे गेलेला असेल. ती विचारेल, तेव्हा तू सांग. तुझ्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांग.

तूच नाव ठेवलेली,
तुझी मास्तरीण