मंगळवारचे मासे

३ जानेवारी, बुधवार

ऑर्विल पितोय. आता शंकाच नको!

काल मंगळवार, म्हणजे ह्याचा तळ्यावरचा दिवस. बर्फाला भोक पाडून संध्याकाळभर गळ टाकून बसतो म्हणे. घरी आला तो डोळे लाल, तोंडाला पेपरमिंटचा वास, आणि मासा? एकही नाही! "लागलेच नाहीत गं," म्हणाला. पेपरमिंट माणूस कशासाठी चघळतो, मला का ठाऊक नाही? माझ्या केस कापायच्या दुकानात डबाभर असतात.

पहाटे जाग आली तर हा उशाशी बसून माझ्याकडे टक लावून बघतोय! "काही नाही, झोप तू," म्हणे. दारुड्यांना झोप लागत नाही ती अशी.

६ जानेवारी, शनिवार

केस कापताना मिसेस कोवाल्स्कींच्या कानाला कात्री लागली. थोडीशीच. त्या हलल्या! आणि माझं मन थाऱ्यावर नाही, त्याला कारण ऑर्विल.

आडेल आली होती. बहीण म्हणून आत नेऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऑर्विल? आपला ऑर्विल?" मग म्हणाली, "वर्ना, तुला कुणी काही सांगायचं म्हणजे..." आणि कोट चढवून निघालीच! सख्खी बहीण, आणि बाजू मेव्हण्याची!

घरातली ब्रँडी अर्ध्यावर आली होती. बाटली दुकानात नेऊन केसांच्या रंगाच्या खोक्यात ठेवली. त्याच्या हाती लागायला नको.

८ जानेवारी, सोमवार

वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर, जुनी शिलाई यंत्रं विकणाऱ्याच्या खाली, नंबर सापडला. दारू सोडणाऱ्यांचा गट, इथल्या इथे! दुकानातून फोन लावला. खरखरीत आवाजाचा पुरुष. आधीच सांगून टाकलं, "माझ्यासाठी नाही हं. नवऱ्यासाठी."

"मग तुम्ही घरच्यांच्या खोलीत बसा," तो म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी, लुथरन चर्चचं तळघर. जिना उतरलात की घरच्यांची खोली डाव्या हाताला, पिणाऱ्यांची उजव्या." नावही विचारलं नाही! "इथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, एवढा एकच नियम."

लुथरन! आमचं सगळं घराणं कॅथलिक, त्या दारात आमच्यातल्या कुणाचा पायसुद्धा पडलेला नाही. पण तेच बरं. ओळखीचं चिटपाखरू भेटायचं नाही.

९ जानेवारी, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. वाचता आलं तर आलं.

ऑर्विल तळ्यावर गेल्यावर निघाले. कुणी बघू नये म्हणून चर्चच्या मागच्या दाराने उतरले. डाव्या हाताच्या खोलीत शिरले, शेवटची खुर्ची धरली. कुणीतरी हातात कॉफी दिली.

मोत्यांची माळ घातलेली एक बाई बोलत होती. "बाटली मी कपडे वाळवायच्या यंत्रात लपवायचे. सांगायचे काय, तर नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून! तो बिचारा पितच नाही." सगळे खो खो हसले. मीही हसले. हसता हसता रंगाचा खोका आठवला, आणि हसणं तिथेच थांबलं.

शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "ही घरच्यांचीच खोली ना?"

"ती पलीकडे. मागल्या दाराने आलीस वाटतं? मग डावं-उजवं उलटं होतं." फोनवरचाच खरखरीत आवाज! मी उठले तर म्हणतो कसा, "बस गं पोरी, कॉफी तरी संपव. चुकून आलेले इथे पुष्कळ आहेत."

पोरी! पन्नाशीच्या बाईला! मला काय ह्यांच्यातली समजला? तडक बाहेर पडले.

१० जानेवारी, बुधवार

दुकान बंद ठेवलं. काल एक गोष्ट लिहिलीच नाही. लिहवेना.

रागारागाने पलीकडच्या खोलीकडे गेले. दार किलकिलं होतं. दाराशी टेबलावर पेपरमिंटचं भांडं. आत एक पुरुष बोलत होता.

"आधी मी तिच्या बाटल्या मोरीत ओतायचो. आता नाही ओतत. पण ती झोपली की तिला कुशीवर वळवतो, आणि श्वास चालू आहे ना, ते बघत बसतो. उजाडेपर्यंत. तिला वाटतं मी मासे धरायला जातो."

ऑर्विल!

भिंत धरून उभी राहिले. श्वास? माझा? मी?? खोटं बोलतोय, असं ओरडायचं होतं. पण मागल्या दाराने तशीच घरी पळाले.

रात्री ऑर्विल घरी आला. मी विचारलं, "लागले का?" म्हणाला, "नाही गं." डोळे लाल. मला वर बघवेना.

आज त्याचा खोटेपणा पकडायचा म्हणून दुकानात गेले. रंगाचा खोका उघडला. बाटली रिकामी! दुकानाची किल्ली एकच आहे. ती माझ्या गळ्यात असते.

१३ जानेवारी, शनिवार

मिसेस कोवाल्स्कींचा फोन. आता केस आडेलच घरी येऊन कापून देते म्हणे. मी फोन ठेवला. भीती वाटते, खरंच भीती वाटते.

१६ जानेवारी, मंगळवार

ऑर्विलने गळ घेतला, बादली घेतली. "तळ्यावर जातो गं."

ऐकलेलं बोलायचं नाही. नियम आहे. मी कोट चढवला आणि म्हटलं, "थांब. मलाही त्याच बाजूला जायचंय."

तो दारातच उभा राहिला. मग त्याने बादली खाली ठेवली.