पाडून ठेवलेला गडगा

ता. ६ डिसेंबर १९३१
बरेच दिवस वही उघडली नाही, चूक झाली. डोके ताळ्यावर नाही. शेजारच्या धर्माला डोक्यात दगड घालून ठार मारले म्हणून माझ्या मुलाला, गंगारामला, रत्नागिरीस कोठडीत घातले. हद्दीवरून भांडण झाले, खरे. पण गंगाराम सांगतो, धर्मा तावातावाने हद्दीच्या दगडी गडग्यावर चढला, गडगा ढासळला, धर्मा खाली. बापाचे कोण ऐकते.

ता. ८
धर्माला दवाखान्यात नेले, आणि इकडे त्याच्या भावाने, पांडूने, पडलेला गडगा रचूनही टाकला. का, तर पावट्यात गुरे शिरतील. मढे घरी यायच्या आधी. आता फौजदार विचारतो, ढासळला तो कुठे?

ता. ११
फौजदार पुन्हा आला. म्हटले, साहेब, घडले तसे करून बघा. त्याने जाड्या शिपायाला वर चढवून नाचवले. दगड हलला नाही. "म्हातारबा, तुझा गडगा तर चांगला धट्टाकट्टा आहे." सगळे हसले. अरे, नवा रचलेला तो! शेवटी म्हणाला, पडलेला ज्याने पाहिला त्याने होता तसा करून दाखवावा, मग येतो. म्हणजे पांडूच.

ता. १२
पांडूकडे गेलो. "माझ्या भावाला मारलंन तुझ्या गंग्यानं, नि मी तुझ्यासाठी दगड हलवू?" मीही नको ते बोललो. ही म्हणते, "तोंड आवरा, नायतर पोर तिकडंच सडेल."

ता. १५
पांडू आपणहून आला. बसला नाही. "तात्या, बुडाशी घुशीनं पोखरलंन होतं. मी दगडाच्या चिपा भरल्या. होतं तसं करतो. पण एक दगड लांब, तुझ्या वाफ्यात होता. तोही तिथंच ठेवणार. मग गंग्या सुटो नायतर लटको."
कबूल म्हटले. काय करणार.

ता. १६
पाडून झाले. तो दगड वाफ्यात आहे. उतार तर त्या बाजूचा नाही. गडगडत इतका लांब आला कसा? गंगाराम याबद्दल बोलला नव्हता. उचलून गडग्याशी टाकावा म्हणून दोनदा वाकलो. पांडू बांधावरून बघत होता. "हात लावू नको, तात्या."

ता. १९
फौजदाराचा पत्ता नाही. काठी घेऊन गुरे हाकतो आहे. अर्धा पावटा खाल्ला मेल्यांनी. पांडू म्हणतो, आणखी दोन दिवस, मग रचणार. दगड तिथेच आहे. काय निघायचे ते निघो, पण येणार कधी, एवढा निरोप तरी कोणी लवकर धाडा.