ताईची निवांत आंघोळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला आहे, उरलेला समजून घे.) तुझी प्रकृती कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. खरंच कळव, कारण मंगळवारी दुपारी तू माझ्या हातून गेलीस.

घाबरू नकोस, पहिल्यापासून सांगतो. (फोनवर तू सांगू देत नाहीस, म्हणून पत्र.) आमच्याकडे शिकायला राहिलेली तुझी लेक, आपली मिरची, आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि जाताना कॉम्प्युटरवरचा आपला संसार माझ्यावर सोपवून गेली. तो एक खेळ आहे. त्यात जपानी धाटणीचा बर्फाळ डोंगर, पायथ्याशी बांबूचं बन, सरकत्या दारांचं घर आणि मागे गरम पाण्याचं कुंड. त्या घरात तू आणि भाऊजी राहता. पोरीने तुला हुबेहूब घडवली आहे, अगदी नाकासकट. खऱ्या आईला गुडघ्यांमुळे आमचा दुसरा मजला चढवत नाही, म्हणून हिने चार महिने खपून खेळातल्या आईला डोंगर चढायला शिकवलं. आता शेवटची चढण राहिली होती. रविवारी परत आली की ती स्वतः तुला शिखरावर नेणार होती. मला बजावून गेली, "मामा, तू फक्त आईवर लक्ष ठेव. डोकं चालवू नकोस."

लक्ष ठेवलं की! सकाळभर तू बर्फ उपसलास, स्वयंपाक केलास, भाऊजींनी जेवून ताट जमिनीवर ठेवलं, ते तू उचललंस. (खेळ फार अभ्यास करून बनवला आहे.) माझा जीव कळवळला. ताई, तुला जन्मात कधी निवांत आंघोळ मिळाली नाही. पाच मिनिटं झाली की कोणीतरी दार बडवायचं. बहुतेक वेळा मीच. म्हटलं, आज डुंबू दे बिचारीला. तुला कुंडात सोडलं आणि जरा आडवा झालो. उठून बघतो तर तू लालबुंद होऊन पडलेली, आणि काळ्या झग्यातला यमदूत दारात चपला काढून आत येतोय. (त्या घरात हा नियम सगळ्यांना आहे.) त्या पाण्यात फार वेळ बसलं की माणूस जातं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बायको म्हणते, "सांगितलं होतं. फ्रिजवर चिठ्ठी आहे."

मग तुझ्या जागी नवी ताई घडवून पाहिली. नाक जमेना. शिवाय ती माझं सगळं ऐकते; मिरची दोन मिनिटांत ओळखेल.

तिथे पोरका आणि इथे भेदरलेला,
तुझा धाकटा

ता. क. : मागच्या सुट्टीत मिरचीने त्या डोंगराची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती. तुमच्या कपाटाच्या वरच्या खणात असेल. शनिवारपर्यंत कोणाहाती तरी पाठव. त्यात तू जिवंत आहेस. शिखरापासून जरा खाली आहेस, पण तेवढं मी चढवून घेईन. दार बडवत.

आणखी एक : हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. तू गेल्यावर ते रडले. तुझ्या आंघोळीला मिळायची तेवढी, पाच मिनिटं. मग डोळे पुसून शेजारणीबरोबर बर्फावर घसरायला गेले. आईशप्पथ, मी माऊसला हातही लावला नव्हता.