ट्रकचे जादा दिवे

मंगळवार, संध्याकाळ

ट्रकला जादा दिवे जोडले, पण दिव्यांना करंट सोडणाऱ्या रिलेनं डोकं फिरवलं. स्विच बंद केला की दिवे पेटायचे, चालू केला की विझायचे. असं कावून? लई वेळानं कळलं, वायर रिलेच्या मधल्या पिनला लावलती, ती स्विच बंद असतानाच करंट देते. बदलली अन् समोरची भिंत उजळली.

बायको म्हणाली, "परवा घाटात उसाची ट्रॉली दिसली न्हाई म्हणालात. आता वाचा बरं, भिंतीवर काय लिवलंय?"

अक्षरं दिसत होती, पण लागंनात. तिनं एका दमात वाचलं.

मग त्या ट्रॉलीच्या वेळी दिवे कमी पडले, का डोळे? उद्या घाटातल्या कड्याच्या रस्त्यानं खेप हाय. तिनं न मागताच मी ट्रकची चावी तिच्या हातात दिली. कावून दिली, मलाच कळंना.