असरनंतरचं घर

दाऊदपुरा, बुऱ्हाणपूर
बुधवार

प्रिय नुझहत,

दुवा. पार्सल सोमवारी मिळालं. खजुराचे दोन डबे, सुती ओढणी, गुडघ्याच्या तेलाची बाटली. डब्यावर साडेचारशे छापलेत. एवढे महाग पाठवू नकोस, इथे शनवाऱ्याच्या बाजारात दीडशेत चांगले मिळतात. उर्दू वाचते मी, पण लिहायला बसलं की हात रावेरच्या शाळेतल्या मराठीकडेच वळतो. नाशकात राहून तुझीही मराठी आता पक्की झालीय.

अफ्राच्या बिस्मिल्लाचे फोटो पाहिले, माशाअल्लाह, माझी नात पहिल्या धड्याला बसली. कुराण शिकवायला मोबाइलवर बाई ठेवलीस, ठीकच केलंस. तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ असतील. मी तुला शिकवलं ते भाकऱ्या थापता थापता. अब्बा मशिदीत जायचे, तुझी नमाज मात्र चुलीपाशी घडली. आयत चुकली की मी परातीवर टिचकी मारायची, आणि तू भरल्या तोंडानं म्हणायचीस, अम्मी, घास गिळेपर्यंत अल्लाहमियाँ थांबतील की.

अब्बा गेले तेव्हा तू मला न्यायला आली होतीस. मी म्हटलं, गल्लीतल्या मुली शिकायला येतात, त्यांना सोडून कशी येऊ. तू रुसून गेलीस. पुन्हा तू विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही.

समोरच्या कोकिळाबाई परवा म्हणाल्या, आपा, तुमच्या पोरींच्या आवाजावर मी चहा टाकायची, आता दूध उतू जातं तरी वेळ कळत नाही. मी हसले. रमजाननंतर एकेक मुलगी कमी होत गेली. कुणी मदरशात जाते, कुणी मोबाइलवर शिकते. शेवटची सुरैया. तिचं कुराण पूर्ण झालं, पेढे देऊन गेली. दुपार कलली, असरची नमाज झाली की मी अजून कुराण ठेवायच्या सगळ्या रेहली मांडते आणि एकटीच वाचत बसते. बाहेर कापडाचे लूम खडखडत असतात, माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नाही. तू फोनवर मुलींचं विचारतेस तेव्हा मी भाजीचे भाव सांगते.

तुझ्याकडे दोनच खोल्या, सासूबाईही आहेत, सगळं ठाऊक आहे मला. अफ्राची बाई बदलू नकोस. धडा झाला की अफ्रानं माझ्याजवळ बसून तो एकदा म्हणावा, एवढंच. मी राहायला आले तर चालेल का? फोनवर सांगू नकोस, फोनवर तू लगेच हो म्हणशील. मुदस्सरमियाँना विचार, सासूबाईंना विचार, आणि मग परतीच्या टपालानं लिही.

तुझीच,
अम्मी